गाठ काढल्यानंतर घरी: कुत्रीचे पहिले चौदा दिवस

आजचा विषय ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेरचा आहे. कर्करोगाची गाठ काढली, टाके घातले, कुत्री शुद्धीवर आली आणि संध्याकाळी रिक्षात बसून घरी निघाली, इथपर्यंत जबाबदारी आमची असते. पुढचे चौदा दिवस तुमची. आमचं काम दोन तासांचं, तुमचं दोन आठवड्यांचं, आणि या दोन आठवड्यांबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. दवाखान्याच्या काउंटरवर, बिल भरता भरता, पाच मिनिटांत आम्ही सूचना सांगतो. समोरच्या माणसाच्या डोक्यात 'कॅन्सर' हा एकच शब्द घुमत असतो. त्याला त्यातलं किती ऐकू येत असेल, याचा विचार आम्हीही फार उशिरा केला. का केला, ते पुढे सांगतो.

आधी एका शब्दाबद्दल. 'कुत्री' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो, म्हणून लोक 'आमची फीमेल' म्हणतात, 'बेबी' म्हणतात. एका काकांनी तर फॉर्मवर 'कन्या' असं लिहिलं होतं. आम्ही आज सरळ कुत्रीच म्हणणार आहोत, कारण ज्या शस्त्रक्रियेबद्दल प्रामुख्याने बोलायचं आहे ती बहुतेक वेळा तिच्यावरच होते. स्तनातल्या गाठीची.

गर्भाशय-अंडाशय न काढलेल्या कुत्रीमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी गाठ ही. कुत्रीला पोटाखाली दोन रांगा असतात, साधारणपणे पाच आणि पाच, छातीपासून थेट जांघेपर्यंत. त्यातल्या एखाद्या सडाजवळ हाताला वाटाण्याएवढं काहीतरी लागतं. ढोबळमानाने अशा गाठींपैकी निम्म्या साध्या निघतात आणि निम्म्या कर्करोगाच्या. हाताने चाचपून कोणती कुठली ते सांगता येत नाही, आम्हालाही नाही. म्हणून छातीचे एक्स-रे काढून फुप्फुसात काही पसरलेलं दिसत नाही ना ते बघायचं आणि गाठ काढायची. लहान असेल तर तेवढीच, मोठी किंवा अनेक असतील तर त्या बाजूची जवळजवळ सगळी रांग. तेव्हा टाक्यांची ओळ हातभर लांब होऊ शकते. आणि एवढी कातडी काढल्यावर उरलेली कातडी ओढून शिवलेली असते, हे लक्षात ठेवा. ती ताणलेली असते. उडी मारली, जिना चढला, अंग ताणून आळस दिला, की प्रत्येक वेळी तो ताण टाक्यांवर येतो.

आता पहिली रात्र. घरच्यांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट रात्र हीच. कुत्री कण्हते, डोळे उघडे ठेवून कुठेतरी बघत बसते, उभी राहते आणि पडते, ओळखीच्या माणसाकडेही परक्यासारखं बघते. घरात रडारड सुरू होते. यातलं बरंचसं भुलीचं आणि वेदनाशामक इंजेक्शनांचं असतं आणि सकाळपर्यंत ओसरतं. तिला खाली, जमिनीवरच ठेवा. पलंगावर नाही, सोफ्यावर नाही, कारण अर्धवट गुंगीत ती उडी मारायला बघते. आपल्या घरांतली गुळगुळीत फरशी ही मोठी अडचण आहे. पाय घसरला की मागचे पाय फाकतात आणि जांघेतले टाके ताणले जातात. सतरंजी, जुनी गोधडी, योगासनांची चटई, जे असेल ते तिच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि बाहेर जायच्या दारापर्यंत अंथरून टाका. घर धर्मशाळेसारखं दिसेल, दिसू दे.

भुलीनंतर अंग थंड पडतं, म्हणून पांघरूण हवं. पण गरम पाण्याची पिशवी अंगाला लावून ठेवू नका. गुंगीतल्या जनावराला भाजतंय हे कळलं तरी सरकता येत नाही. अशा भाजलेल्या जखमा आम्ही पाहिल्या आहेत. पाणी थोडं थोडं द्या. जेवण नेहमीच्या पाव हिश्शाएवढं, तेही ती नीट शुद्धीवर असेल तर. उलटी झाली तर त्या रात्री पुन्हा आग्रह नको. लघवी चोवीस तासांत व्हायला हवी. शी मात्र तीन-चार दिवस झाली नाही तरी घाबरू नका. आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, त्यात औषधांनी आतडी मंदावलेली असतात.

उचलायचं कसं, हेही सांगायला हवं, कारण इथे सगळे चुकतात. मोठ्या कुत्र्याला आधार देताना पोटाखालून टॉवेल घालतात, तसं लोकांनी कुठेतरी पाहिलेलं असतं. पायाच्या शस्त्रक्रियेत ते ठीक आहे. इथे जखमच पोटाखाली आहे. एक हात छातीच्या पुढून, खांद्यांना वळसा घालून, आणि दुसरा मांड्यांच्या मागून. पोट मोकळं राहिलं पाहिजे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर तिला वर कोण नेणार हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून ठेवा. पंचवीस किलोची लॅब्रेडॉर एकट्याने उचलून जिना चढणं सोपं नाही.

आता दुखण्याबद्दल. 'डॉक्टर, ती अजिबात रडत नाही, म्हणजे दुखत नसणार,' हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. कुत्रं दुखलं की ओरडतंच असं नाही. उलट ते गप्प होतं. झोपायला बसतं आणि पुन्हा उठतं, कुशी बदलत राहतं, थंड खोलीतही धापा टाकतं, कान मागे पाडतं, पाठीची कमान करून उभं राहतं, जखमेकडे वळून वळून बघतं, नेहमी शेपटी हलवत येणारं कुत्रं कोपऱ्यात तोंड करून बसतं. तुमच्या कुत्रीचं नेहमीचं वागणं आमच्यापेक्षा तुम्हाला माहीत आहे. 'काहीतरी वेगळं वाटतंय' एवढंही पुरेसं आहे फोन करायला.

दिलेली वेदनाशामक गोळी ठरल्या वेळी द्या, दुखण्याची वाट बघून नाही. ती भरल्या पोटी द्यायची. गोळी सुरू असताना उलट्या झाल्या, किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर गोळी थांबवा आणि लगेच कळवा. अंगावर खाजेसाठी किंवा आणखी कशासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर ते आम्हाला सांगितलंच पाहिजे. दोन्ही एकत्र दिल्या तर जठराला भोकं पडण्यापर्यंत मजल जाते.

आणि कृपा करून घरातल्या डब्यातली माणसांची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या आपल्याकडे शेंगदाण्यासारख्या घरोघरी असतात. माणसाला साध्या वाटणाऱ्या मात्रेत त्या कुत्र्याचं जठर आणि मूत्रपिंड बिघडवतात. पॅरासिटामॉलसुद्धा स्वतःच्या मनाने नाही. डायक्लोफेनॅक म्हटलं की गिधाडं आठवतात. गुरांना दिलेल्या या औषधाने मेलेली गुरं खाणारी गिधाडं संपत आली आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तो वेगळा विषय आहे, पण एका प्राण्याला चालणारं औषध दुसऱ्याला कसं विष होतं याचं याहून मोठं उदाहरण आपल्या देशात नाही. माणसांची पातळ औषधंही नकोत. काहींमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, ते कुत्र्याला थोड्या मात्रेतही घातक आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दिवस तिसरा-चौथा. कुत्री उठते, शेपटी हलवते, दारात जाऊन पट्ट्याकडे बघते. पाचव्या दिवशी तर ती अगदी पहिल्यासारखी दिसते. घरात आनंद होतो, शेजारी येऊन बघून जातात, आणि नेमकं इथेच सगळं ढिलं पडतं. बरं वाटणं आणि जखम भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचं वेळापत्रक जुळत नाही.

जखम भरताना आत काय चालतं ते थोडक्यात बघू. पहिले काही दिवस शरीर फक्त साफसफाई करत असतं, रक्त गोठवणं, मेलेल्या पेशी उचलून नेणं. त्यानंतर नवे तंतू विणायला सुरुवात होते. एका आठवड्यानंतर त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या मानाने अगदी नगण्य असते. तीन आठवड्यांनी साधारण पाचवा हिस्सा. तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के, आणि त्याच्या पुढे ती फारशी जातच नाही. म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी तुमच्या कुत्रीचं पोट केवळ दोऱ्याने धरलेलं असतं. तिला हे माहीत नसतं. दुखणं कमी झालंय, टाके खाजताहेत, जीभ आहे.

इथे चिंगीची गोष्ट सांगतो. गोष्ट चिंगीची असली तरी चूक आमची आहे.

चिंगी नऊ वर्षांची, गावठी, तांबूस रंगाची. डाव्या बाजूची रांग काढली, अठ्ठावीस टाके. शस्त्रक्रिया छान झाली. संध्याकाळी तिला न्यायला घरातली नात आली, कॉलेजमधली मुलगी, हुशार. तिला आम्ही सगळं सांगितलं, कागदही दिला. तिने मान डोलावली, फोनवर फोटो काढून ठेवला. पण नात सकाळी सात वाजता घराबाहेर पडायची. दिवसभर चिंगीजवळ असायच्या त्या आजी. आजींना आम्ही एक शब्द सांगितला नव्हता. आम्हाला त्या घरात आजी आहेत हेच माहीत नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

सहाव्या दिवशी आजींनी चिंगीच्या गळ्यातला तो प्लास्टिकचा कोन काढला. कारण अगदी साधं होतं. कोनामुळे तिला ताटलीतलं खाता येत नव्हतं, दारांना आपटत होती, आणि आजींना ते बघवेना. नंतर त्या आम्हाला म्हणाल्या, 'अहो डॉक्टर, पोरीच्या लग्नात कोणी एवढं मोठं काही गळ्यात घालत नाही, आणि हिच्या घातलंत. तिचे हाल बघवेनात हो.' रात्री सगळे झोपल्यावर चिंगी चाटत बसली. सकाळी मधले टाके गेलेले आणि चार बोटं रुंद जखम उघडी. श्रावण होता, बाहेर झड लागलेली, घरात माश्या. त्या दिवशी नात परीक्षेला गेली होती. ती येऊन चिंगीला घेऊन येईपर्यंत संध्याकाळ झाली. उघड्या जखमेत माशीने अंडी घातली की चोवीस तासांच्या आत अळ्या दिसू शकतात. आम्ही कडेची कातडी उचलली तेव्हा त्या होत्या.

पुन्हा भूल, पुन्हा सफाई, मेलेली कातडी कापणं, आणि आता शिवायला पुरेशी कातडीच नव्हती म्हणून रोज ड्रेसिंग करत जखम आतून भरू देणं. पाच आठवडे. नऊ वर्षांच्या कुत्रीला आठवड्यात दोनदा भूल. मधले दोन दिवस ताप १०५ पर्यंत गेला होता आणि आम्हाला खरंच वाटलं होतं की ती हातची जाणार. याच गडबडीत लॅबचा रिपोर्ट आला. गाठ कर्करोगाची होती, पण कडा स्वच्छ, प्रत सौम्य. कर्करोगाने तिला काहीच केलं नसतं. जीव जवळजवळ घेतला होता तो एका रात्रीच्या चाटण्याने.

आजी आमच्यासमोर बसून रडल्या. त्यांच्यावर आम्ही काय म्हणून रागवायचं? तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा: दिवसभर तिच्याजवळ कोण असतं? आणि त्या व्यक्तीशी बोलल्याशिवाय, प्रत्यक्ष किंवा फोनवर, तिला घरी सोडायचं नाही. मग ती आजी असो, कामाला येणाऱ्या मावशी असोत, नाहीतर वॉचमन असो.

तर कोनाबद्दल नीट बोलू. कोनाची कड नाकाच्या पुढे दोन बोटं तरी यायला हवी, नाहीतर लवचिक कुत्रं कडेवरून जीभ पोचवतं. खाण्याची अडचण ताटलीमुळे होते. पसरट ताटलीऐवजी कोनाच्या तोंडात मावेल एवढा लहान, खोलगट वाडगा घ्या आणि तो पाटावर किंवा दोन विटांवर उंच ठेवा. एवढ्याने बहुतेकांचा प्रश्न मिटतो. तरीही जमत नसेल तर जेवताना कोन काढा, पण शेजारी बसा आणि शेवटचा घास संपला की लगेच घाला. 'मी आहे ना लक्ष ठेवायला' म्हणून कोन काढून टीव्ही बघत बसू नका. टाका तोडायला तिला दहा सेकंद लागतात. जुना टी-शर्ट पुढच्या पायांत घालून पाठीवर गाठ मारणं हे कोनाच्या जोडीला चांगलं, माश्याही बसत नाहीत. पण कोनाच्या ऐवजी नाही, कारण कापडावरून चाटून ते ओलं करणारी कुत्री आम्ही रोज पाहतो. आणि 'कुत्र्याच्या लाळेने जखम भरते' ही समजूत आज सोडून जा. कुत्र्याच्या तोंडात जंतू भरपूर असतात आणि त्याची जीभ खरखरीत घासते.

हळद लावू का, हा प्रश्न येणार. नको. खोबरेल तेल, तूप, राख, कुठलंही मलम, काहीही नको, आम्ही दिलं असेल तेवढंच. शिवलेल्या जखमेला लेप नको असतो, कोरडेपणा हवा असतो. आंघोळ टाके निघेपर्यंत बंद. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. पावसाळ्यात बाहेर नेऊन आणलं की पोट सुक्या कापडाने टिपायचं, चोळायचं नाही. फिरणं म्हणजे पट्टा लावून पाच-दहा मिनिटं, फक्त लघवी-शीपुरतं. घरातही दाराची बेल वाजली की धावत सुटणारी असेल तर बेल काढून ठेवा. चेष्टा नाही, एका घरात आम्ही हेच करायला लावलं होतं.

रोज सकाळी, एकाच जागी, एकाच उजेडात जखमेचा फोटो काढा. आठवण म्हणून नाही. रोज बघणाऱ्याला हळूहळू वाढणारी सूज दिसत नाही, फोटो शेजारी ठेवले की दिसते. काय चालेल: पहिले एक-दोन दिवस कडांना थोडी लाली, फिकट गुलाबी पाण्याचे दोन-चार थेंब. जांभळे डाग, आणि ते रोज थोडे खाली, जांघेकडे सरकणं. मुरगळलेल्या घोट्याचं रक्त बोटांपर्यंत उतरतं तसंच हे, नंतर पिवळे होऊन जातात. जांघेतला भाग काढला असेल तर तिथली लसिका गाठही बरोबर निघते, म्हणून त्या बाजूचा मागचा पाय काही दिवस थोडा सुजू शकतो.

मग चौथ्या-पाचव्या दिवशी कातडीखाली एक मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी सूज येते आणि फोन वाजतो: 'डॉक्टर, गाठ परत आली!' गाठ पाच दिवसांत परत येत नाही. एवढं मांस काढल्यावर आत जी पोकळी राहते तिच्यात पाणी साठतं. सूज गार, मऊ, न दुखणारी असेल आणि कुत्री खात-पीत असेल तर बहुतेक वेळा शरीर ते स्वतःच शोषून घेतं, दोन-तीन आठवडे लागतात. दाबून काढू नका, सुई तर अजिबात घालू नका. बाहेरचे जंतू आत न्यायचा तो हमखास रस्ता आहे. मात्र सूज गरम लागली, दुखू लागली, टणक झाली किंवा वेगाने वाढली, तर त्याच दिवशी आणा. तसंच दुर्गंध, पू, टाक्यांमधून आतलं लाल मांस दिसणं, पट्टी भिजेल एवढं रक्त, चोवीस तास अन्नाला तोंड न लावणं, हिरड्या फिकट पांढुरक्या पडणं, १०३ च्या वर ताप. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळे अंगाला हात लावून 'गरम आहे' म्हणण्यात अर्थ नाही. थर्मामीटर हवा, आणि तो गुदद्वारात लावायचा असतो.

खाण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिचं नेहमीचं अन्न द्या. रुची येत नसेल तर कोमट करा, बिनमसाल्याचं चिकन आणि त्याचं पाणी, अंडं, थोडा भात. चिकनच्या पाण्यात सवयीने कांदा-लसूण पडतो, तो पडता कामा नये, कुत्र्याच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. शिरा केलात तर बेदाणे नकोत. साखर बंद केली की कर्करोग उपाशी मरतो, अमुक पावडरीने गाठ विरघळते, असले निरोप मोबाइलवर येतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पंधरवड्यात नवा आहार सुरू करून तिचं पोट बिघडवण्यासारखं वाईट काही नाही.

दुसऱ्या शस्त्रक्रियांबद्दल थोडंसं. हाडाच्या कर्करोगात पाय काढावा लागतो. घरच्यांना ते सगळ्यात भयंकर वाटतं, आणि कुत्री मात्र बरेचदा दोन-तीन दिवसांत तीन पायांवर उभी राहते. त्या रोगात पुढची लढाई पायाची नसतेच, फुप्फुसांची असते. प्लीहेची गाठ काढली असेल तर पहिले दोन-तीन दिवस हिरड्यांचा रंग आणि हृदयाचे ठोके यांवर लक्ष, कारण आत रक्तस्राव झाला तर तो जखमेवर दिसत नाही. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर दिसणारी ती फुलकोबीसारखी रक्ताळ गाठ बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने नाही, व्हिन्क्रिस्टिनच्या आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी जाते. तिला कापायची घाई कोणी करू नये.

आता दुसरी वाट पाहणं, रिपोर्टची. काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्ये लॅबला जाते, रिपोर्टला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणजे टाके ओले असतानाच तो कागद हातात पडतो. त्यात तीन गोष्टी बघा. गाठ साधी की कर्करोगाची. कर्करोगाची असेल तर तिची प्रत, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या आहेत. आणि कडा: काढलेल्या तुकड्याच्या अगदी काठापर्यंत कर्करोगाच्या पेशी आहेत की काठाला निरोगी मांस आहे. कडा स्वच्छ, गाठ तीन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि लसिका गाठीत काही नाही, अशी कुत्री पुष्कळदा पुढे म्हातारपणानेच जाते. पाच सेंटिमीटरच्या वर, वाईट प्रत, लसिका गाठीत पसरलेलं, तर आम्ही खोटा धीर देणार नाही. केमो द्यायची का, पुन्हा कापायचं का, की आता तिला आरामात ठेवायचं, हे बसून बोलायचं. पण ते बोलणं जखम भरल्यावर. रिपोर्ट वाईट आला म्हणून काही घरांत कोनच काढून टाकतात, 'आता कशाला तिचे हाल' म्हणून. वाईट रिपोर्टच्या कुत्रीलाही कित्येक महिने मिळू शकतात. त्यातला दीड महिना उघड्या जखमेत घालवायचा का?

घरी करण्यासारखं एक काम मात्र टाके निघाल्यावरही चालू ठेवा. ती गाढ झोपलेली असताना छाती अर्ध्या मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा आणि दुप्पट करा. तीसच्या आत असायला हवं. कॅलेंडरवर आठवड्यातून एकदा आकडा लिहा. तो सतत तीसच्या वर जाऊ लागला तर खोकला सुरू व्हायची वाट न बघता एक्स-रे काढू.

थोडे प्रश्न आलेले आहेत, त्यातले दोन घेतो.

एक भगिनी विचारतात: 'आम्हाला दिवाळीतच गाठ लागली होती, लहान होती म्हणून पाडव्यापर्यंत थांबलो. आणि तिचं गर्भाशय वेळेवर काढलं असतं तर हे टळलं असतं का?' दोन प्रश्न आहेत हे. थांबण्याबद्दल: हो, लहान असताना काढलेली बरी, म्हणून इथे बसलेल्यांनी आज घरी जाऊन आपापल्या कुत्रीच्या पोटावरून हात फिरवावा. पण तुम्ही थांबलात ते निष्काळजीपणाने नाही. पुष्कळदा डॉक्टरही 'बघू या, वाढली तर या' म्हणतात. आम्हीही म्हटलेलं आहे. शस्त्रक्रियेबद्दल: कॅलिफोर्नियातला १९६९ चा एक अभ्यास फार प्रसिद्ध आहे. पहिल्या माजाआधी अंडाशय काढलेल्या कुत्रीत ही जोखीम न काढलेल्या कुत्रीच्या मानाने अर्धा टक्का, एका माजानंतर ८ टक्के, दोन किंवा जास्त माजांनंतर २६ टक्के, असे त्यातले आकडे. २०१२ साली असे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा पुरावा जितका भक्कम समजला जायचा तितका नाही असं निघालं. आमचं मत अजूनही लवकर काढण्याच्या बाजूचं आहे. पण तुमच्या कुत्रीला गाठ तुमच्यामुळे झाली, असं कोणताही डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

दुसरा प्रश्न: 'घरात दुसरा कुत्रा आहे, तो सारखा तिच्याजवळ जातो.' त्याला चौदा दिवस वेगळ्या खोलीत. तो प्रेमानेच चाटतो, पण तिच्या कोनाचा त्याच्या जिभेला काही अडथळा नाही. फार रडत असेल तर मध्ये जाळीचं दार ठेवा, एकमेकांचा वास येऊ द्या. आणि कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या काकांनी चिठ्ठी पाठवली आहे, चिंगीचं पुढे काय झालं? चिंगी पुढे साडेतीन वर्षं जगली आणि मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. दर तीन महिन्यांनी एक्स-रेला आजी स्वतः तिला घेऊन यायच्या, रिक्षाने. पिशवीत कोन असायचा. एक्स-रेला कोन लागत नाही, हे आम्ही त्यांना कधी सांगितलं नाही.